हिरोची पाठ आमच्या प्रकाशची

चांगल्या सिनेमाचे किस्से आमच्या वाट्याला येतच नाहीत. सिनेमा चालला की हिरो, दिग्दर्शक, त्यांच्या आजीमाजी बायका, सगळे मुलाखतींतून सगळं सांगून मोकळे होतात. सिनेमा पडला की मात्र कुणी तोंड उघडत नाही. मग ते किस्से आमच्यासारख्यांकडे राहतात, शूटिंग संपल्यावर ट्रंकेच्या तळाशी सापडणाऱ्या बेवारस मोज्यांसारखे. दुबईत परदेशी सिनेमावाल्यांना लागेल ती मदत पुरवणारी आमची कंपनी आहे, आणि मी तिथे कपडेपट सांभाळते. बरीच वर्षं झाली. असे मोजे माझ्याकडे ढीगभर साठलेत.

त्यातले सगळ्यात जास्त एका हॉलिवूडच्या सूडपटाचे. नाव सांगत नाही, सांगितलं तरी तुम्ही ऐकलेलं नसेल. गोष्ट अशी, की हिरोच्या भावाला एक हिऱ्यांचा व्यापारी मारतो आणि हिरो अमेरिकेहून दुबईत येऊन दिसेल त्याला मारत सुटतो. आपल्याला इथे पार्किंग मिळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात याने चारपाच जण आडवे केलेले असतात.

आमच्या अल कुझच्या गोडाऊनमध्ये दुपारी डबा खाणारे मराठी आम्ही तिघंच. मी, कुडाळचे सावंत सुतार आणि राजापूरकडचा प्रकाश कदम. हे किस्से त्या डब्यावरचे आहेत. सांगताना हसायला येतं, म्हणून बरीच वर्षं हसूनच सांगत आले.

*

प्रकाश कंपनीचा जुना ड्रायव्हर. उंच, खांदे रुंद, मान किंचित पुढे आलेली. बोलायला कमी. विमानतळावरून हिरोला आणायला त्यालाच पाठवलं होतं.

हिरो गाडीत बसायला वळला, प्रकाश दार धरून उभा. मागून आमचा एली येत होता. एली लेबनॉनचा, दिग्दर्शकाचा पहिला असिस्टंट. सेटवर कोण कधी जेवणार इथपासून सूर्य कधी मावळणार इथपर्यंत सगळं तोच ठरवतो अशी त्याची समजूत आहे. त्याला मागून दोन पाठी दिसल्या आणि त्यातला हिरो कोणता ते त्याला कळेना.

"हबीबी," तो प्रकाशला म्हणाला, "उद्यापासून गाडी दुसरा कुणी चालवेल. यू आर द स्टँड-इन."

स्टँड-इन म्हणजे हिरोच्या जागी उभा राहणारा माणूस. कॅमेरा लावायचा, दिवे लावायचे, यात तास जातात, आणि हिरो काही तेवढा वेळ उन्हात उभा राहत नाही. मग त्याच्याच उंचीचा माणूस त्याचे कपडे घालून तिथे उभा करतात. सगळं जुळलं की हिरो व्हॅनमधून उतरतो आणि तो माणूस बाजूला होतो. बोलायचं नाही, हलायचं नाही, नुसतं उभं राहायचं.

प्रकाशने डब्यावर ही बातमी सांगितली तेव्हा सावंत भाकरी मोडता मोडता म्हणाले, "इतकी वर्षं बसून पगार घेतलास मेल्या, आता उभ्याने घे."

हिरोचा पोशाख म्हणजे पायघोळ काळा लेदरचा कोट. महिना मे. लंडनहून आलेल्या डिझायनरबाईंना मी दबक्या आवाजात उन्हाची कल्पना दिली. त्या म्हणाल्या, सूड काळाच दिसला पाहिजे. मग मी निमूटपणे प्रकाशला त्या कोटात कोंबलं. त्याने एकदा वर सूर्याकडे पाहिलं.

"ताई, इथे एवढ्या उन्हात कुणी सूड घेत नाही," तो म्हणाला. "लोक मॉलमध्ये जातात."

*

हा किस्सा माझ्या घरचा आहे. आम्ही शारजाला अल मजाजमध्ये राहतो, खाली खाडीचं पाणी दिसतं.

सूडपटात शर्ट एकसारखे पुष्कळ लागतात. पहिल्या मारामारीत बाहीवर थोडं रक्त, दुसरीत छातीवर, तिसरीत सगळा शर्ट लाल. प्रत्येक डाग मोजूनमापून पाडलेला असतो, कारण एक शॉट आज आणि त्याच्या पुढचा आठवड्याने घेतात. डाग जागचा हलला तर बोंबाबोंब. मी ते शर्ट इस्त्री करून डाग ताडून बघायला घरी आणले होते आणि खुर्चीवर ठेवून भाजी आणायला खाली गेले.

माझा नवरा रवी इन्शुरन्समध्ये आहे, त्यामुळे त्याला कशात काय धोका आहे ते आधी दिसतं. खुर्चीवर रक्ताळलेल्या शर्टांचा ढीग बघून त्याला घाम फुटला. क्लीनिंगवाली यायची वेळ झालेली. तिने बघितलं तर? बिल्डिंगमध्ये बोभाटा झाला तर? त्याने सगळे शर्ट उचलून खालच्या मल्याळी लाँड्रीवाल्याकडे नेऊन दिले.

संध्याकाळी लाँड्रीवाला स्वतः वर आला. शर्ट हँगरवर, पांढरेशुभ्र. चेहऱ्यावर वीरचक्र मिळाल्याचा आनंद. "मॅडम, बहोत डिफिकल्ट दाग था. एक भी नहीं छोडा."

मी एकेक शर्ट उलटापालटा करून डाग शोधायला लागले. आमची तन्वी मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, यू जस्ट डिस्ट्रॉइड द एव्हिडन्स."

*

आता प्रकाशच्या भावाचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं काही समजायचं नाही.

एकदा डब्यावर सिनेमाची चर्चा चालली होती. एका भावासाठी माणूस इतकी माणसं मारील का, असा माझा मुद्दा. सावंत म्हणाले, "सख्खो असलो तर मारीत." प्रकाश डबा बंद करून उठला आणि हात धुवायला गेला. सावंतांनी जीभ चावली. ते आणि प्रकाश मुहैस्नाहच्या कंपनीच्या खोलीत शेजारच्या खाटांवर झोपतात, त्यांना सगळं ठाऊक होतं. मलाही होतं, कारण प्रकाशचे थोरले भाऊ सुरेश कदम आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे. त्यांनीच प्रकाशला दुबईला आणलं, लायसन्स काढून दिलं, या कंपनीत लावलं.

त्यांची आई गावी वारली तेव्हा सुरेशदादा सुट्टीवर घरीच होते. पहाटे आई गेली आणि त्यांनी प्रकाशला फोन लावायला सुरुवात केली. प्रकाश त्या दिवशी वाळवंटात एका शूटिंगवर. मोठ्या सिनेमांत सेटवर शिरतानाच सगळ्यांचे मोबाईल काढून एका पिशवीत सील करतात, कुणी फोटो बाहेर नेऊ नये म्हणून. फोन वाजत राहिला, पिशवीत. गावातली जाणती मंडळी म्हणाली, किती वाट बघायची, दिवस मावळायच्या आत उरकायला हवं. दादांनी उरकलं. संध्याकाळी पिशवी उघडली तेव्हा प्रकाशच्या फोनवर दादांचा मेसेज होता.

तो दुसऱ्या दिवशी गावी पोहोचला. अंगणात उभा राहून एवढंच म्हणाला, "दादा, मला आई दाखवली नाहीस." त्यानंतर तो भावाशी बोलला नाही. वर्षं गेली. शारजा आणि मुहैस्नाहमध्ये ट्रॅफिक नसेल तर अर्ध्या तासाचं अंतर. तरीही नाही.

मला विचाराल तर दोघांचंही चुकलं नव्हतं. म्हणूनच ते मिटेना.

*

सुरेशदादांच्या बायकोचं नाव शैला. प्रकाशची शैलावहिनी. तिने दर दिवाळीला प्रकाशसाठी फराळाचा डबा पाठवायचा रिवाज सोडला नाही. स्टीलचा, कडीचा डबा, झाकणावर सासूबाईंचं नाव कोरलेलं. तो मी गोडाऊनला न्यायचे. प्रकाश तो घ्यायचा, सगळ्यांना वाटायचा, स्वतः खायचा. पहिल्या वर्षी मला आशा वाटली.

"फराळाशी भांडण नाही माझं," तो म्हणाला.

मग डबा माझ्या हातात परत दिला. घासूनपुसून लख्ख, आणि रिकामा. आता आपल्यात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे पोराटोरांनाही माहीत असतं. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात. प्रकाशला माहीत नव्हतं असं नाही. त्याने ठरवून रिकामा दिला होता, आणि दर वर्षी तसाच देत राहिला. हिरोला सुडासाठी केवढा खटाटोप, हा नुसता डबा धुऊन देत होता.

एका वर्षी मला तो रिकामा डबा त्यांच्या घरी न्यायची लाज वाटली. मी माझ्या घरची वाटीभर साखर त्यात घातली आणि शैलावहिनीला नेऊन दिला. तिने झाकण उघडलं, साखर बोटांत घेऊन बघितली आणि परत झाकण लावलं.

"मेधाताई, ही तुमच्या घरची आहे ना?"

मी मान हलवली.

"तुम्ही नका घालू," ती म्हणाली. "रिकामा आला की मला कळतं, अजून रागावलेत. म्हणजे अजून आहेत."

आतल्या खोलीतून दादांनी विचारलं, "डबा आला का?" आणि ती म्हणाली, "आला." पुढे त्यांनी काही विचारलं नाही. मला फार वाईट वाटलं. मी चहाही न घेता वर आले.

*

आता सावंतांच्या दाराचा किस्सा. हा आमच्या कंपनीत नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात.

हिरो खांद्याने दार फोडून व्यापाऱ्याच्या बंगल्यात घुसतो, असा सीन. त्यासाठी दार पोकळ, कापसासारख्या हलक्या लाकडाचं करतात. बिजागऱ्याही नावाला. नुसता धक्का लागला की चिरफळ्या उडाल्या पाहिजेत. सावंतांनी दार केलं, रंगवलं, अस्सल सागवानी दिसत होतं. पण जेवणाच्या सुट्टीत वाऱ्याने ते दार चौकटीत हलायला लागलं. खड, खड, खड. बाकीचे जेवत होते. सावंतांच्या घशाखाली घास उतरेना.

सावंतांचे वडील सुतार, आजोबा सुतार. पंचक्रोशीत त्यांच्या घरच्या दारांचं नाव आहे. ते उठले, बिजागऱ्यांना लांब स्क्रू मारले आणि मागून आडवी पट्टी ठोकली. दार हलायचं थांबलं. मग ते समाधानाने जेवले.

दुपारी ॲक्शन झाली. हिरो लांबून धावत आला, ओरडला आणि खांद्याने दारावर आदळला. दार जागच्या जागी. हिरो हळूच खाली बसला आणि मग आडवा झाला.

एली पांढराफटक. "हू मेड धिस डोअर?"

सावंत पुढे आले, छाती काढून. "हमने बनाया साब. हिलेगा नहीं."

नंतर मी त्यांना विचारलं, अहो, का केलंत असं? ते दाराकडे बघत म्हणाले, "हलणारा दार माझ्या हातून झाला, तर बापूस वरून शिव्या घालीत."

त्यांची नोकरी वाचली, कारण त्या पट्टीचं दिग्दर्शकाला कळेपर्यंत एलीने ती स्वतःच उखडून लपवली होती. हिरोचा हात मात्र गळ्यात आला. डॉक्टरांनी त्याला हॉटेलवर बसवलं. शूटिंग थांबवणं परवडणारं नव्हतं, म्हणून ठरलं की जिथे जिथे हिरो पाठमोरा आहे ते सगळे सीन आधी उरकून घ्यायचे. पाठ तयारच होती.

*

त्यात कबरीचा सीन होता. हिरो अमेरिकेहून पोहोचतो तेव्हा भावाला पुरूनही झालेलं असतं. वाळूत नुसता मातीचा उंचवटा. हिरो येतो, उभा राहतो आणि निघून जातो. चेहरा नंतर स्टुडिओत घ्यायचा होता.

दिग्दर्शकाने प्रकाशला समजावलं, काही करू नकोस, नुसता उभा राहा. मी कोटाची कॉलर नीट केली. तो मातीकडे बघत होता.

"ताई, पुरून झालंय का आधीच?" त्याने विचारलं.

"हो. त्याला यायला उशीर झालाय."

ॲक्शन झाली. प्रकाश चालत गेला आणि उंचवट्यासमोर उभा राहिला. मग त्याचा डावा हात पाठीमागे गेला आणि त्याने उजव्या हाताचं कोपर धरलं. असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खांदे थोडे खाली आले, बस. आम्ही सगळे बघत राहिलो. सतत कुणावर तरी खेकसणारा एलीसुद्धा वॉकीटॉकी छातीशी धरून उभा होता.

कट झालं, टाळ्या पडल्या, पण प्रकाश हलेना. शेवटी एली त्याच्यापर्यंत चालत गेला, खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाला, "प्रकाश. खलास."

मी कोट उतरवला तर अस्तर ओलंचिंब. त्याने तोंडावरून हात फिरवला. "गरम फार आहे आतून," तो म्हणाला.

त्या दिवाळीला फराळाचा डबा नेहमीसारखा गेला, पण परत आला नाही. मी दोनदा विचारलं. प्रकाश म्हणाला, "देतो ताई. थोडे दिवस राहू दे माझ्याकडे."

*

सिनेमा लागला आणि पहिल्याच दिवशी आपटला. समीक्षकांनी असा काही धुतला की आमच्या लाँड्रीवाल्याला हेवा वाटावा. गोष्ट शिळी, मारामारी कंटाळवाणी, हिरो थकलेला. एकाने लिहिलं होतं की अख्ख्या सिनेमात खरा अभिनय एकदाच दिसतो, कबरीपाशी, आणि तोही हिरोच्या पाठीने केलेला.

मी ते गोडाऊनमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं, आणि संध्याकाळी शैलावहिनीलाही. सावंतांनी प्रकाशच्या पाठीत एवढा जोरात धपाटा घातला की त्याला ठसका लागला. एलीने मिठाई मागवली. त्या आठवड्यात कंपनीत जो येईल तो प्रकाशला म्हणायचा, वळ जरा, हिरो बघू दे. प्रकाशही हसून वळायचा.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं शारजाच्या मॉलमध्ये सिनेमा बघायला गेलो. हॉल रिकामा. पुढच्या रांगेत एकच माणूस. सावंत दर दहा मिनिटांनी पडद्यावर आपली दारं दाखवत होते. मग कबरीचा सीन आला. मोठ्या पडद्यावर ती पाठ, तो मागे गेलेला हात. सावंतसुद्धा बोलायचे थांबले.

सीन संपला आणि पुढच्या रांगेतला माणूस उठला. दरवाज्याकडे गेला, तिथे थांबला, वळून पडद्याकडे बघत उभा राहिला. डावा हात पाठीमागे, उजव्या हाताचं कोपर धरलेलं. माझं आयुष्य लोकांच्या पाठीचं माप घेण्यात गेलंय. पुढच्याच दरवाज्याने तो बाहेर पडला. आम्ही मागे अंधारात, त्याला दिसलो नाही.

"दादा," प्रकाश म्हणाला. मला म्हणाला की स्वतःला, कळलं नाही.

"अरे मग ऊठ. जा की मागे."

"पिक्चर संपू दे ताई."

तो खुर्चीचे दोन्ही हात धरून बसला होता. मी पुन्हा म्हटलं, जा. सावंतांनी त्याला ढोसलं. तो बसून राहिला आणि हिरोने उरलेली सगळी माणसं मारेपर्यंत समोर बघत राहिला.

बाहेर आलो तर पॉपकॉर्नच्या काउंटरवर एक फिलिपिनो मुलगी होती. मी तिला विचारलं, ते मधेच उठून गेलेले गृहस्थ नेहमी येतात का? ती हसायला लागली. म्हणाली, एव्हरी डे मॅडम. वन टिकेट. मधेच उठून जातात. मी विचारलं, सर, यू डोंट लाइक द मूव्ही?

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

"ही सेज, द हीरो इज माय ब्रदर." तिने डोक्याशी बोट फिरवलं. "पुअर मॅन."

आमच्यातलं कुणी हसलं नाही. गाडीत बसल्यावर प्रकाश म्हणाला, "उद्या येईल ना तो. उद्या भेटतो."

*

रविवारी प्रकाशने आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला. दिवाळीचा तो डबा काढला, कोपऱ्यावरच्या दुकानातून साखर आणून काठोकाठ भरला आणि कडी लावली. एकटाच मॉलमध्ये गेला.

तिथे सूडपटाचं पोस्टर नव्हतं. त्या हॉलमध्ये सशांचं कार्टून लागलं होतं आणि लहान मुलांची ही रांग. काउंटरवर तीच मुलगी. "नो पीपल सर," ती म्हणाली. "मूव्ही खलास."

त्याने मला फोन केला तेव्हा तो आमच्या बिल्डिंगखाली गाडीत बसलेला होता. मी धावत खाली गेले. डबा मांडीवर. मी म्हटलं, चल वर, मी येते सोबत, घरीच आहेत ते.

तो वर मजल्यांकडे बघत राहिला. "तिथे जमलं असतं ताई. अंधारात शेजारी जाऊन बसलो असतो. बोलायचीसुद्धा गरज नव्हती, पिक्चर चालू होता. वर गेलो तर वहिनी दिवा लावणार, पाणी आणणार, समोर बसवणार. मग काय बोलू?"

"काही बोलू नकोस. डबा दे."

"येतो पुढच्या आठवड्यात. इन्शाल्ला."

इथे कुणी इन्शाल्ला म्हटलं की काम होणार नाही हे आपण गमतीने म्हणतो. मी तेव्हा म्हटलं नाही. गाडी गेली. इतका पडेल सिनेमा मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि तो आणखी एक दिवस चालला असता तर, असं मला आजही वाटतं.

पुढच्या आठवड्यात प्रकाशला अबूधाबीच्या शूटिंगवर पाठवलं. सुरेशदादांची नोकरी संपत आली होती, ते बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. व्हिसा कॅन्सल झाला, सामान गेलं आणि दादा-वहिनी कायमची गावी निघून गेली. वहिनी निरोप घ्यायला आली तेव्हा डब्याचं काही बोलली नाही. परत आल्यावर प्रकाशला मी सांगितलं. तो म्हणाला, "दिवाळीला जातो आता गावीच. तिथेच देतो." डबा त्याच्या गाडीच्या डिकीत राहिला. सगळा उन्हाळा.

*

शेवटचा किस्सा सावंतांचा. ते गणपतीला गावी गेले होते, आणि त्यांची सासुरवाडी कदमांच्या शेजारच्या गावात. मी तो त्यांच्याकडून ऐकला. प्रकाश याबद्दल कधी बोललेला नाही.

विसर्जनानंतर चार दिवसांनी सुरेशदादा सकाळी चहा पिताना गेले. वहिनीने प्रकाशला फोन लावला. प्रकाश सेटवर होता. फोन पिशवीत.

सावंत पोहोचले तेव्हा अंगण भरलेलं. दुपार झाली, फोन वाजतोय, उचलत कुणी नाही. जाणती मंडळी म्हणायला लागली, वहिनी, किती वाट बघायची, दिवस मावळायच्या आत उरकायला हवं. वहिनी उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, हलवायचं नाही. त्यांनी सांगून ठेवलंय, प्रकाश येईपर्यंत थांबायचं. कितीही वेळ लागू दे.

"कधी सांगितलं?" कुणीतरी विचारलं.

"शारजाला असताना. एक पिक्चर बघून घरी आले, त्या दिवशी."

मग कुणी वाद घातला नाही. सावंत स्वतः बंदरावर गेले, मासळीच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आणल्या, आणि फळ्या जोडून असा चौथरा केला की थेंबभर पाणी घरात आलं नाही. संध्याकाळी पिशवी उघडली तेव्हा इकडे एलीने स्वतः प्रकाशचीच गाडी चालवून त्याला विमानतळावर सोडलं. सगळा गाव थांबला. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रकाश अंगणात आला. अंगात शूटिंगचाच शर्ट, हातात फक्त तो डबा.

तो दादांसमोर येऊन उभा राहिला. डावा हात पाठीमागे घेऊन कोपर धरायला गेला, पण हातात डबा होता. वहिनी उठली. तिने डबा त्याच्या हातातून घेतला आणि कडी काढली. उन्हाळाभर डिकीत राहून साखरेचे खडे झाले होते. तिने बोटाने एक खडा मोडला आणि दादांच्या ओठांवर, तुळशीच्या पानाशेजारी ठेवला.

गुरुजी पुढे आले. "अहो वहिनी, साखर नाही ठेवत."

"ठेवू द्या हो," वहिनी म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा भरलेला आलाय."